डॉ. आंबेडकर आणि रेघा मारलेले एक पुस्तक

मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथसंग्रहात एक जुने इंग्रजी पुस्तक आहे. अमेरिकेतील विख्यात तत्त्वज्ञ व शिक्षणशास्त्रज्ञ जॉन ड्यूई यांनी ते लिहिले आणि १९१६ साली न्यूयॉर्कच्या मॅकमिलन कंपनीने ते प्रसिद्ध केले. ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’, म्हणजे लोकशाही आणि शिक्षण, हे त्याचे नाव. बी. एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाने हे नाव कधीतरी पाठ केलेले असते. परीक्षेत ड्यूईवर टीप लिहिली की बहुतेकांचा या पुस्तकाशी संबंध संपतो. पण सिद्धार्थ महाविद्यालयातील प्रत वेगळी आहे. प्रसिद्ध झाल्यानंतर लवकरच, १९१७ साली, लंडनमध्ये शिकत असलेल्या एका पंचवीस वर्षांच्या हिंदी विद्यार्थ्याने ती घेतली होती. त्याने ती वाचता वाचता ठिकठिकाणी पेन्सिलीने रेघा ओढल्या, खुणा केल्या आणि पुढे आयुष्यभर ती सांभाळली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांचे चरित्र आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातून माहीत असते. महाडचे चवदार तळे, पुणे करार, भारताची राज्यघटना, नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा, हे सारे त्यात असते. येथे त्यांच्याकडे एक वाचक म्हणून पाहावयाचे आहे. कारण शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्यासाठी खस्ता खाणाऱ्या पालकांना त्यांच्या चरित्रातील हा भाग अधिक जवळचा वाटेल, असे मला वाटते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी बरीच वर्षे शिकवले होते. त्यामुळे घरात गरिबी असली तरी अक्षराची ओळख होती. आई लहानपणीच गेली. पुढे हे कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आले आणि परळच्या एका चाळीत एकाच खोलीत राहू लागले. त्या खोलीतच चूल, जाते, सरपण आणि माणसे. मुलाला अभ्यासाला जागा व शांतता मिळावी म्हणून सुभेदार त्याला लवकर झोपवीत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून दिव्याजवळ बसवीत. तोवर ते स्वतः जागे राहात.

मुलगा पाठ्यपुस्तकांवर समाधान मानणारा नव्हता. त्याला इतर पुस्तके हवी असत, आणि ती स्वतःच्या मालकीची हवी असत. निवृत्त सुभेदाराच्या तुटपुंज्या पेन्शनीत हे कसे बसावे? रामजी मग आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, हातउसने पैसे मागत. पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण टाकीत आणि भीमाला पुस्तक आणून देत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत करीत. बहिणींनीही कधी नाही म्हटले नाही. कपड्यांना, लग्नकार्याला, सणाला कर्ज काढणारे आपण पुष्कळ पाहतो. पुस्तकासाठी लेकीचा दागिना गहाण ठेवणारा बाप मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

शाळेत भीमरावांना संस्कृत शिकण्याची फार इच्छा होती. पण अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवावयास शिक्षक तयार होईनात. तेव्हा दुसरी भाषा म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली आणि तीत त्यांनी चांगली गती मिळवली. आपल्या समाजातील ज्या घरांत आजोबा-पणजोबांच्या फारसी किताबा अजून कपाटात आहेत, त्यांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. संस्कृतची हौस मात्र सुटली नाही. पुढे मोठेपणी स्वतःच्या मेहनतीने त्यांनी ती भाषा आत्मसात केली.

शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. तेथे येणारे एक गृहस्थ त्याला रोज पाहात. ते म्हणजे विल्सन हायस्कुलातील शिक्षक आणि मराठीतील मान्यवर ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळूसकर. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढवली, पुस्तके वाचावयास दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी गुण, म्हणजे आजच्या हिशेबाने कोणी पेढे वाटणार नाही असे. पण त्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच अपूर्व गोष्ट होती, म्हणून लोकांनी सत्काराची सभा भरवली. त्या सभेत केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेले हे पुस्तक पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी कोणत्या निर्णयापर्यंत पोहोचले, ते सर्वांना ठाऊक आहे. कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देणारेही केळूसकरच.

१९१२ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार वारले आणि त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. शिष्यवृत्तीतून घरीही पैसे पाठवावे लागत. म्हणून पोटाला चिमटा घेऊन ते दिवस काढीत आणि उरलेल्या पैशात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ विकत घेत. तेथील तीन वर्षांत त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे ती हिंदुस्थानात पाठवण्याचे काम एका मित्रावर सोपवले आणि त्यातली बरीच कधी पोहोचलीच नाहीत.

कोलंबियात नामवंत प्राध्यापकांचा मेळा होता. अर्थशास्त्राचे सेलिग्मन, मानववंशशास्त्राचे गोल्डनवायझर, आणि तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई. ड्यूई वर्गात हळू आवाजात, थांबत थांबत, स्वतःशीच विचार करीत असल्यासारखे बोलत. अनेक विद्यार्थ्यांना ते कंटाळवाणे वाटे. आंबेडकरांच्या मनावर मात्र त्यांचा कायमचा ठसा उमटला. तीस वर्षांनंतरसुद्धा बाबासाहेब घरी खुशीत असले की ड्यूई वर्गात कसे वागत त्याची हुबेहूब नक्कल करून दाखवीत, अशी आठवण त्यांच्या पत्नी सविताबाईंनी सांगितली आहे. विद्यार्थी आमची नक्कल करतात तेव्हा आम्ही शिक्षक रागावतो; यापुढे थोडे सबुरीने घ्यावे हे बरे!

१९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात वाचून आंबेडकर त्याच वर्षी लंडनला गेले. ड्यूईंचे ते पुस्तक तोपर्यंत बाहेर पडले होते. शिकवणारा गुरू समोर नाही, म्हणून शिष्याने त्यांचे पुस्तकच जवळ केले असे म्हणता येईल. अमेरिकेतील प्राध्यापक स्कॉट स्ट्राउड यांनी या प्रतीतील खुणांचा बारकाईने अभ्यास केला आहे आणि बाबासाहेबांच्या विचारांवर ड्यूईंचा प्रभाव दाखवणारा त्यांचा ग्रंथ २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. पुस्तकात ज्या विचारांवर पेन्सिल थांबली, तेच विचार पुढे त्यांच्या भाषणांत व लेखांत नव्या रूपाने उगवले, असे त्यातून दिसते.

पुस्तकावर रेघा मारणे चांगले की वाईट, यावर आपल्या शाळांत नेहमी वाद होतो. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकावर रेघ मारणाऱ्याला दंड झालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते पुस्तक दुसऱ्याचेही आहे. पण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या पुस्तकावर विचारपूर्वक ओढलेली रेघ ही निराळी गोष्ट. परीक्षेत येणार म्हणून मुले ज्या रेघा मारतात त्यांतली ती नव्हे. बाबासाहेबांच्या संग्रहातील अनेक पुस्तकांत लाल आणि निळ्या पेन्सिलीच्या अशा खुणा सापडतात. येथे पटले, येथे उपयोगी पडेल, असे जणू लेखकाशी चाललेले बोलणेच.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. सामान त्यांनी वेगळ्या बोटीने पाठवले होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. सामानात पुस्तकेही होती. आंबेडकरच त्या बोटीवर होते अशी घरी समजूत झाली आणि परळच्या त्या खोलीत रडारड झाली. ते सुखरूप पोहोचले. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले. बडोद्याच्या नोकरीवर रुजू होण्याचा खर्च त्यातूनच भागला. बडोद्यात काय घडले ते येथे विस्ताराने सांगत नाही. शिपाई फायली लांबून टेबलावर फेकीत, राहावयास घर मिळेना, आणि पारशी वसतिगृहातून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा पंडित एका झाडाखाली बसून ढसढसा रडला.

पुस्तकातील विचार प्रत्यक्षात कसा उतरला याचा पहिला मोठा पुरावा १९१९ सालचा. मताधिकाराचा प्रश्न तपासण्यासाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे त्या वर्षीच्या जानेवारीत आंबेडकरांनी साक्ष दिली. तीत त्यांनी शास्त्रातला एक शब्द वापरला, एंडॉस्मॉसिस. आपल्या मुलांनी तो प्रयोगशाळेत पाहिलेला आहे. सुक्या मनुका पाण्यात टाकल्या की पाणी सालीतून आत झिरपते आणि मनुका टरारून फुगतात. समाजातही निरनिराळ्या गटांच्या विचारांची, अनुभवांची अशी आतबाहेर झिरप व्हावी लागते. जेथे वरचा वर्ग आणि खालचा वर्ग यांच्यामध्ये न झिरपणारी भिंत असते तेथे ती थांबते, असा त्याचा भावार्थ. समाजासाठी या शब्दाचा असा उपयोग ड्यूईंच्या त्याच पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात आहे. परंतु ड्यूईंना अमेरिकेतील श्रीमंत-गरीब दिसत होते. आंबेडकरांनी तोच शब्द उचलून हिंदुस्थानातील स्पृश्य-अस्पृश्य भेदाला लावला, आणि गुरूच्या डोळ्यांसमोर कधी नसेल असा अर्थ त्यात भरला.

याच सुमारास कोल्हापूरशी त्यांचा संबंध आला. छत्रपती शाहू महाराज स्वतः परळच्या चाळीत त्यांना भेटावयास गेले. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकाला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्यानंतर २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावची परिषद झाली. तिचे अध्यक्ष आंबेडकर होते. महाराज स्वतः परिषदेला आले आणि हाच तुमचा पुढारी आहे, असे त्यांनी तेथे जमलेल्या लोकांना सांगितले. आंबेडकरांचे वय तेव्हा एकोणतीसही पूर्ण नव्हते. कोल्हापुरात त्यांना जरीचा फेटा बांधून महाराजांनी त्यांचा गौरव केला.

आपल्या वाचकांना शाहू महाराजांची ओळख करून देण्याची गरज नाही. १९०६ साली कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हा महाराजांनी तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. मराठा, जैन, लिंगायत यांच्याप्रमाणे अस्पृश्य मुलांसाठीही १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. ज्या हाताने आपल्या मुलांना निवारा दिला, त्याच हाताने आंबेडकरांच्या विलायतेतील अपुऱ्या अभ्यासाला आधार दिला. महाराजांची मदत, सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकाच्या पगारातली शिल्लक आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, या तिन्हींवर १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

तेथील त्यांची दिनचर्या वाचताना जीव कासावीस होतो. सकाळी घरमालकीण देईल तो चहा व पावाचा तुकडा खाऊन ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडण्यापूर्वी ते तेथे हजर असत आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत हलत नसत. दुपारचे जेवण नाही. रात्री खोलीवर पुन्हा वाचन. भूक अनावर झाली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेल्या पापडांपैकी चार पापड भाजून खावेत आणि पुन्हा पुस्तक उघडावे. इकडे मुंबईत रमाबाई मुलाबाळांसह जेमतेम पैशात संसार रेटीत होत्या. त्यांची चार मुले लहानपणीच दगावली. बाबासाहेबांच्या पुस्तकांची किंमत केवळ त्यांनी एकट्याने दिली नाही, हे विसरून चालणार नाही. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज निवर्तले. मदत केलेला विद्यार्थी परत येईपर्यंत ते राहिले नाहीत. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली. त्यापूर्वीच बॅरिस्टर होऊन आंबेडकर मुंबईस परतले होते.

यापुढचे आयुष्य लढ्याचे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरवावयाची होती, पण मंडपासाठी कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली, एवढा उल्लेख करून पुढे जातो.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मसुदा वाचून मंडळ घाबरले आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने पंधराशे प्रतींत छापले. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, जातिनिर्मूलनावरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ. तो आणि ड्यूईंचे पुस्तक शेजारी ठेवून वाचावे. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नसून एकमेकांत मिसळून, अनुभव वाटून घेत जगण्याची रीत आहे, हा विचार दोन्हीकडे आहे. गुलाम म्हणजे केवळ साखळदंडातला माणूस नव्हे, तर ज्याने काय करावे आणि कशासाठी करावे हे दुसराच ठरवतो तो, ही प्लेटोपासून आलेली व्याख्याही दोन्हीकडे आहे. मागच्या पिढ्यांनी ठेवलेले सगळेच पुढच्या पिढीला देण्यासारखे नसते, त्यातले वाळलेले टाकून चांगले तेवढे द्यावे, हे शाळेचे काम ड्यूईंनी सांगितले. आंबेडकरांनी येथे आपल्या या गुरूचे नाव आदराने घेऊन तेच काम सगळ्या समाजावर सोपवले. वीस वर्षांपूर्वी वाचलेल्या पुस्तकाची वाक्ये त्यांच्या बोलण्यात इतकी मिसळून गेली होती की गुरूचे कोठे संपते आणि शिष्याचे कोठे सुरू होते हे पुष्कळदा कळत नाही. काही टीकाकार याला उसनवारी म्हणतील. मला ते पटत नाही. जातिव्यवस्थेवर ड्यूईंनी ते पुस्तक लिहिलेच नव्हते.

तोवर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांचे ‘राजगृह’ बांधून झाले होते. बहुतेक लोक घर बांधतात आणि मग पुस्तकांना एखादा कोनाडा देतात. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधले आणि माणसे उरलेल्या जागेत राहिली. पुढे ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत तिचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, १९५० साली औरंगाबादेत तिचे दुसरे महाविद्यालय निघाले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. जिवापाड जपलेल्या ग्रंथांचा मोठा भाग त्यांनी आपल्या या संस्थेच्या मुलांसाठी दिला.

घटना परिषदेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या समारोपाच्या भाषणात त्यांनी देशाला बजावले की, राजकारणात सर्वांना सारखे मत आणि समाजात मात्र उच्चनीचता, ही विसंगती फार काळ टिकणार नाही. सामाजिक लोकशाहीच्या पायावाचून राजकीय लोकशाही उभी राहात नाही. पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर १९५० रोजी, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले यांच्यासोबत बाबासाहेबांचाही पुतळा बसवला गेला, तोही त्यांच्या हयातीत. त्या चौकातून आपली किती मुले रोज शाळेला जातात!

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय एल्एल. डी. पदवी दिली. त्यासाठी ते न्यूयॉर्कला निघाले तेव्हा ड्यूईंना भेटण्याची त्यांना फार उत्सुकता होती. पण १ जून रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ड्यूई वारले. भेट हुकली. आपले सारे बौद्धिक जीवन त्यांचे देणे आहे, अशा आशयाचे पत्र बाबासाहेबांनी तेथून सविताबाईंना लिहिले. तेव्हा ते स्वतः एकसष्ट वर्षांचे, देशाचे माजी कायदेमंत्री आणि मधुमेहाने गांजलेले होते.

प्रकृती ढासळत गेली, डोळ्यांनी नीट दिसेना, पायांत बळ राहिले नाही. तरी वाचन व लेखन सुटले नाही. केळूसकर गुरुजींनी १९०७ साली हातात दिलेल्या विषयावर, म्हणजे बुद्ध आणि त्यांच्या धम्मावर, त्यांचा शेवटचा ग्रंथ चालू होता. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या घरी त्याच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी बिछान्याजवळ मागवून घेतले आणि सेवकाला निरोप दिला. ६ डिसेंबरच्या सकाळी ते उठले नाहीत. तो ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात, सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनातर्फे मुंबईत बाहेर पडला.